फ्लूच्या तापात ‘ताकद’ देताना या चुका टाळा

ग्वाल्हेरचा मेळा आणि फ्लू साधारण एकाच सुमारास येतात. जानेवारीत धुकं उशिरापर्यंत हटत नाही, शहराच्या लश्कर भागातल्या जुन्या घरांची दारं-खिडक्या दिवसभर बंद, आणि संध्याकाळी सगळं बिऱ्हाड मेळ्याच्या गर्दीत. दोन-तीन दिवसांनी कोणाला तरी कणकण येते, कोरडा खोकला लागतो, अंग ठेचल्यासारखं दुखतं. मग घरात दोन पक्ष पडतात. आजी म्हणते लंघन कर, आई म्हणते अंगात ताकद नको का, शिरा खा.

मी जीवरसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे नात्यागोत्यातला हा तंटा फोनवरून माझ्याकडे येतोच. दोन्ही पक्ष धरून चालतात की प्रतिकारशक्ती ही एकच वस्तू आहे आणि पोटातून तिला हवं तसं वाढवता-घटवता येतं. प्रत्यक्षात विषाणूशी लढणाऱ्या पेशी अनेक प्रकारच्या आहेत, आणि कोणती पेशी कधी काय जाळते हे दिवसागणिक बदलतं.

लगोलग धावून येणाऱ्या पांढऱ्या पेशी, म्हणजे न्यूट्रोफिल, जवळजवळ सगळे ग्लुकोजवरच चालतात; त्यांच्यात मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीतल्या ऊर्जेच्या भट्ट्या, मोजकेच असतात. विषाणू ओळखून लढणाऱ्या टी पेशी याही पांढऱ्या पेशीच, पण त्यांचं तंत्र वेगळं. निवांत असताना टी पेशी काटकसरीने राहते, ग्लुकोज मायटोकॉन्ड्रियात पूर्ण जाळून एका रेणूमागे तीसेक एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) काढते. विषाणूची ओळख पटली की ती फुगते आणि ग्लुकोज आत ओढणारी प्रथिनं भराभर पृष्ठभागावर आणते. भोवती ऑक्सिजन असूनही बरंचसं ग्लुकोज अर्धवट मोडून उरलेला तुकडा, लॅक्टेट, बाहेर टाकते. या वाटेने एका रेणूमागे मिळतात अवघे २ एटीपी. उधळपट्टीच वाटते, पण तिला आता दिवसातून दोन-तीनदा विभागायचं असतं. त्यासाठी ऊर्जेबरोबर नवा डीएनए आणि नवी आवरणं बांधायला कच्चा माल लागतो, तो याच मार्गावर हाती येतो. संसर्ग ओसरला की मागे उरलेल्या, विषाणूची आठवण ठेवणाऱ्या स्मृतिपेशी पुन्हा मायटोकॉन्ड्रियाकडे वळतात.

लंघन किंवा जबरदस्तीचं जेवण

येल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये उंदरांवर केलेला प्रयोग इथे कामाचा आहे. जिवाणूचा संसर्ग झालेल्या उंदरांना बळेच खाऊ घातलं तेव्हा ते जास्त मेले. फ्लू झालेल्या उंदरांत उलट झालं: अन्न मिळालेले बरे तगले, आणि ग्लुकोजचा वापर रोखला तेव्हा ते दगावले. गंमत म्हणजे विषाणूच्या संख्येत फारसा फरक नव्हता. फरक होता तो शरीर किती झीज सोसतं यात. पुढे २०१९ मध्ये त्याच विद्यापीठातून दुसरा निष्कर्ष आला. संसर्गाच्या आठवडाभर आधीपासून जवळपास बिनकर्बोदकांचा, चरबीयुक्त आहार दिलेले उंदीर फ्लूतून जास्त वाचले.

यातला एकच प्रयोग व्हॉट्सअ‍ॅपवर पोचतो आणि ‘साखर विषाणूला पोसते’ किंवा ‘उपास केलात तर मराल’ असा फतवा निघतो. उंदरांवरून माणसाच्या ताटाचा हिशेब इतका सरळ मांडता येत नाही. मात्र ताप एक अंश सेल्सिअस चढला की शरीराचा खर्च १० ते १३ टक्क्यांनी वाढतो, हे माणसाबाबत ठाऊक आहे. तेव्हा भूक नसेल तर कोंबू नका, आणि असेल तर अडवू नका. मुगाची पातळ खिचडी, मेतकूट-भात, मीठ घातलेलं वरणाचं पाणी, थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा. मधुमेह नसेल तर गजकेचा (तीळ-गुळाच्या मिठाईचा) तुकडा चघळायलाही माझी हरकत नाही.

‘जेवलेच नाहीत, तर शुगरची गोळी कशाला?’

ही चूक सगळ्यात महागात पडते, आणि करणारे शिकलेसवरलेले असतात. दोन घास खिचडी खाल्लेल्या मधुमेही माणसाची साखर अडीचशेच्या वर गेलेली पाहून घरचे मशीनलाच दोष देतात. मशीन बरोबर असतं. संसर्गात कॉर्टिसॉल आणि अ‍ॅड्रिनॅलिन ही ताणाची संप्रेरकं वाढतात, यकृत ग्लुकोज बाहेर सोडतं आणि इन्सुलिनचा जोर कमी पडतो. रक्तात साखर भरपूर, पण पांढऱ्या पेशींना तिचा फायदा नाही. सतत चढलेल्या साखरेत न्यूट्रोफिल जंतू गिळण्यात मंदावतात. शिवाय लॅक्टेट वाढलं की ते पेशीतल्या एमएव्हीएस नावाच्या प्रथिनाला चिकटून इंटरफेरॉनचा, म्हणजे विषाणू आल्याची खबर देणाऱ्या प्रथिनाचा, इशारा दाबतं, असं २०१९ च्या प्रयोगांत दिसलं आहे.

सगळ्या औषधांना एकच नियम नाही, म्हणून डॉक्टरांना फोन करायचाच. इन्सुलिन आपल्या मनाने बंद करू नये, डोस बदलावा लागेल एवढंच. उलट्या-जुलाबांनी पाणी कमी झालं असेल तर मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी सहसा काही दिवस थांबवतात. मधुमेहाच्याच डापाग्लिफ्लोझिनच्या जातीच्या गोळ्याही थांबवतात, कारण त्यांवर असताना साखर फार चढलेली नसतानाही रक्तात कीटोनचं आम्ल साचू शकतं. ग्लिमेपिराइड ही मधुमेहाची गोळी घेऊन जेवलं नाही तर साखर एकदम खाली येते. आजारपणात दर चार-सहा तासांनी साखर मोजून वहीत लिहा. डॉक्टर आधी तेच विचारतील.

मेडिकलवरून बांधून आणलेल्या पुड्या

‘भैया, तीन खुराक बांध दो’ म्हटलं की पाकिटातून काढलेल्या सुट्या गोळ्या मिळतात. त्यात कोणती गोळी आहे हे घरी कोणालाच सांगता येत नाही, आणि कधी कधी ती स्टेरॉइड असते. दुसऱ्या दिवशी ताप उतरतो, भूक लागते, माणूस खूश. २०२० च्या ‘रिकव्हरी’ नावाच्या औषधचाचणीत डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने ऑक्सिजनवर आणि व्हेंटिलेटरवर असलेल्या कोविड रुग्णांचे मृत्यू कमी केले. ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना फायदा झाला नाही. पहिल्या दिवसांत टी पेशींनी विभागायचं असतं, नेमका तेव्हाच स्टेरॉइड त्यांना आवरतं, वर साखरही चढवतं. २०२१ मध्ये काळ्या बुरशीने काय केलं ते विसरण्यासारखं नाही. फ्लूत तर डॉक्टरांनी वेगळ्या कारणासाठी लिहून दिल्याशिवाय स्टेरॉइड नकोच. पुडी नको, गोळ्यांची पट्टी मागा. नाव वाचता आलं पाहिजे.

मुलांना अ‍ॅस्पिरिन

डोकेदुखीची पाण्यात विरघळणारी गोळी बऱ्याच घरांत असते, तीत अ‍ॅस्पिरिन असतं. फ्लू किंवा कांजिण्या झालेल्या मुलाला ती देऊ नका. १९६३ मध्ये वर्णन झालेला राय सिंड्रोम क्वचितच होतो, पण झाला तर यकृताच्या मायटोकॉन्ड्रिया कोलमडतात आणि मेंदूला सूज येते. वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल पुरतं.

बाकी किरकोळ. क्रिकेटवेड्या पोराला ताप उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी मैदानावर सोडू नका, स्नायूंप्रमाणे हृदयालाही सूज आलेली असू शकते. क जीवनसत्त्वाच्या गोळ्या आजार सुरू झाल्यावर चालू करून ठळक फायदा दिसलेला नाही. बंद खोलीत सिगडी मात्र किरकोळ नाही: धुराने श्वासनलिकेतली लव मंदावते आणि कार्बन मोनॉक्साइडने झोपेतच जीव जाऊ शकतो.

वयस्कर, गरोदर, दमेकरी किंवा मधुमेही माणसाला फ्लूची शंका असेल तर वाट पाहू नका. फ्लूच्या विषाणूवरचं औषध ओसेल्टामिविर पहिल्या ४८ तासांत सुरू केलं तर जास्त उपयोगी पडतं. ऑक्सिजन ९४ च्या खाली, धाप, ओठ निळसर किंवा बोलण्यात असंबद्धपणा दिसला तर थेट इस्पितळ.

आणि एक फसवा प्रकार. ताप उतरतो, माणूस दोन दिवस बरा असतो, मग थंडी वाजून पुन्हा चढतो आणि पिवळा बेडका पडू लागतो. फ्लूशी लढताना पाझरलेल्या इंटरफेरॉनमुळे फुफ्फुसातल्या मॅक्रोफेजांची (जंतू गिळणाऱ्या पेशींची) जिवाणू गिळायची ताकद काही दिवस घटते, न्यूमोकॉकस हा न्यूमोनियाचा जिवाणू त्या फटीत शिरतो. आधी ज्या अँटिबायोटिकला तुम्ही ‘विषाणूवर चालत नाही’ म्हणून बरोबर नकार दिला होता, ते आता लागू शकतं. त्याच दिवशी छातीचा एक्स-रे काढून घ्या.