पहिल्या बेसवर केशरी भाग धावणाऱ्याचा

रविवारी सकाळी कोथरूडच्या मैदानावर हौशी सॉफ्टबॉल खेळताय? मग पहिल्या बेसला (बॅटरने धावून गाठायच्या पहिल्या गादीला) जोडबेस लावाच. १५ बाय ३० इंचांचा हा बेस: पांढरा अर्धा भाग मैदानाच्या आत, केशरी अर्धा फाऊल रेषेबाहेर. बॅटर चेंडू मारून धावत आला आणि थ्रो येतोय, तर त्याने केशरीवर पाय टाकायचा, फिल्डरने पांढऱ्यावर. टकरा आणि मुरगळलेले घोटे इथेच वाचतात. एकदा पोचलात की मात्र पांढराच तुमचा; केशरीवर रेंगाळलात तर टॅग होऊन (फिल्डरने चेंडू अंगाला लावून) बाद! टोलावलेला चेंडू पांढऱ्याला लागला तर फेअर (हद्दीतला, खेळ चालू), नुसत्या केशरीला लागला तर फाऊल (हद्दीबाहेरचा). वाद नको असेल तर हे टॉसच्या वेळीच दोन्ही कर्णधारांनी बोलून घ्या.