मोठ्या संख्येचे गुणधर्म कसे तपासावेत

सात-आठ अंकी संख्या समोर आली की ती कोणत्या प्रकारची आहे हे सुटेसुटे प्रश्न विचारून शोधू नये. आधी तिचे मूळ अवयव पाडावेत, कारण बहुतेक वर्गीकरण त्यांच्यावरूनच ठरते. उदाहरणासाठी १,२३,४५,६७८ ही संख्या घेऊ.

एककस्थानी ८ असल्यामुळे ती सम आहे, आणि पूर्ण वर्ग नाही हेही तिथेच कळते, कारण वर्गसंख्येच्या एककस्थानी २, ३, ७ किंवा ८ कधीच येत नाही. शेवटच्या ७८ ला ४ ने भाग जात नाही, म्हणून २ हा अवयव एकदाच येतो. अंकांची बेरीज ३६ असल्याने ९ ने भाग जातो. १८ ने भागल्यावर ६,८५,८७१ उरतात. या अंकांची बेरीज ३५, म्हणजे ३ हा अवयव आता संपला.

७, ११ आणि १३ या तिघांची कसोटी एकदम घेता येते आणि ती फार देखणी आहे. त्यांचा गुणाकार १००१ असल्यामुळे शेवटच्या तीन अंकांच्या ८७१ मधून आधीचे ६८५ वजा करावेत. उरलेल्या १८६ ला तिघांपैकी एकानेही भाग जात नाही, म्हणून ६,८५,८७१ लाही जात नाही. पुढे १७ पासून ४३ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहिल्यास प्रत्येक वेळी बाकी उरते आणि ४७ ने नेमका भाग जाऊन १४,५९३ मिळतात. इथे घाईने थांबू नये. १२१ चा वर्ग १४,६४१ आहे, म्हणून १४,५९३ साठी ११३ पर्यंतच्याच मूळ संख्या तपासाव्या लागतात, आणि लहान संख्या आधीच बाद झाल्यामुळे तपासणी पुन्हा ४७ पासून सुरू करता येते. एकाही संख्येने भाग जात नाही, म्हणजे १४,५९३ ही मूळ संख्या आहे. तेव्हा १,२३,४५,६७८ = २ × ३² × ४७ × १४,५९३.

आता प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणाकार करावा: २ × ३ × २ × २ = २४, इतके या संख्येचे विभाजक आहेत. त्यांची बेरीज (१ + २) × (१ + ३ + ९) × (१ + ४७) × (१ + १४,५९३) = ३ × १३ × ४८ × १४,५९४, म्हणजे २,७३,१९,९६८ येते; त्यातून मूळची संख्या वजा केल्यास १,४९,७४,२९० उरतात. स्वतः संख्या सोडून इतर विभाजकांची ही बेरीज संख्येपेक्षा मोठी असल्याने ती विपुल संख्या ठरते. समान असती तर परिपूर्ण आणि लहान असती तर न्यून म्हटली असती.

द. रा. कापरेकरांनी सांगितलेली हर्षद संख्या स्वतःच्या अंकांच्या बेरजेने विभाज्य असते. इथे बेरीज ३६ आहे, पण ४ ने भाग जात नाही हे आपण पाहिलेच, त्यामुळे ही संख्या हर्षद नाही. दोन वर्गांची बेरीज म्हणूनही ती मांडता येत नाही, कारण ४ ने भागल्यावर ३ बाकी उरणाऱ्या प्रत्येक मूळ अवयवाचा घातांक त्यासाठी सम असावा लागतो. ३ ही अट पाळतो, ४७ पाळत नाही.