दख्खनी लोकरीतून मेण काढताना

लोकर उकळल्यावर पाण्यावर येणारी पिवळट, मेंढवाड्याच्या वासाची साय म्हणजे लॅनोलिन. लोक चरबी म्हणतात, पण आहे मेणच. ३८ ते ४४ अंशांच्या आसपास वितळतं, म्हणून हे काम थंडीत करा. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात ते नीट थिजतच नाही.

आपली दख्खनी मेंढी म्हणजे मऊ, मेणट लोकरीची परदेशी मेरिनो नव्हे. लोकर राठ, मेण कमी; त्यात कातरण्याआधी मेंढरं ओढ्यात धुतलेली असली तर आणखी कमी. किलोमागे मेण चमच्यांतच मोजावं लागतं. धनगरांकडून न धुतलेली, बोटांत चोळली की चिकट लागणारी लोकर मागून घ्या.

किलोभर लोकर झटकून रात्रभर गार पाण्यात भिजवा. घामाचे क्षार, माती, लेंड्या सुटतात. ते पाणी झाडांना घाला. मग दहा लिटर स्वच्छ पाणी, तीन मोठे चमचे मीठ आणि लोकर मोठ्या पातेल्यात घालून मंद आचेवर दोन-तीन तास ठेवा. ढवळू नका, लोकर गुंतून तिचा घट्ट नमदा होतो. पळीनं नुसती दाबा. साबण तर अजिबात नको. सगळे इथंच फसतात: साबणानं मेणाचे बारीक कण पाण्यात विरतात आणि पाणी दुधासारखं होतं, वर काही येत नाही.

लोकर पिळून काढा, पाणी गरम असतानाच फडक्यातून गाळा, आटवून चौथाई करा आणि रात्रभर झाकून ठेवा. सकाळी वर आलेला थर उचला, खालचा गाळ सुरीनं खरवडा. नव्या पाण्यात वितळवून पुन्हा थिजवा, असं दोन-तीनदा. शेवटी मेणाची वाटी गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून मेणातलं पाणी उडवा. ते राहिलं तर मेण कुबटतं.

अथणी-निपाणीकडच्या कोल्हापुरी चपलेला हे उत्तम. एक भाग मेण, दोन भाग एरंडेल तेल एकत्र वितळवा. हरभऱ्याएवढं घेऊन कोरड्या चामड्यावर चोळा, तासाभरानं पुसा. रंग थोडा गडद होणारच. जास्त लावलं तर पट्टे सैल पडतात. ऊसतोड संपली की कोयता धुऊन, वाळवून नुसत्या मेणाचा पातळ हात द्या. खानापूरकडच्या पावसातही गंज लवकर धरत नाही.

टाचांच्या भेगांना मात्र घरचं मेण लावू नका. गोचीड-उवांसाठी मेंढरांना दिलेलं औषध मेणातच उतरतं आणि उकळून जात नाही. त्यासाठी मेडिकलमधलं शुद्ध केलेलं लॅनोलिन घ्या, तेही आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस बघा. काहींना खाज सुटते.