शीटवर भक्कम, वाऱ्यात आडवं : आपत्तीत टिकणारं घर आखताना या चुका टाळा

पूर, वादळ, भूकंप यांत टिकून राहील असं गरीब वस्तीसाठीचं पक्कं घर हा विषय आर्किटेक्चर आणि सिव्हिलच्या विद्यार्थ्यांना कधी ना कधी भेटतोच. स्टुडिओत नाही तर थिसिसमध्ये, नाही तर एखाद्या स्पर्धेत. ड्रॉइंगच्या शीट्स देखण्या असतात. व्ह्यूमध्ये तिरपं ऊन, ओट्यावर गप्पा मारणाऱ्या बायका, वर झेपावलेलं बांबूचं छप्पर. मग ज्युरीतला स्ट्रक्चरचा माणूस विचारतो, "हे छप्पर भिंतीला कशानं धरलंय?" आणि उत्तरादाखल कॉन्सेप्ट पुन्हा पहिल्यापासून ऐकायला मिळतो.

ही डिझाइन्स आकारात क्वचितच फसतात. ती फसतात जोडांमध्ये, आणि घराचा ताबा दिल्यानंतरच्या वर्षांमध्ये. खालच्या बहुतेक चुका या दोनच जागी सापडतात.

तंबूचा आकडा घराला लावणं

'माणशी ३.५ चौरस मीटर' हा आकडा अनेक रिपोर्टांच्या सुरुवातीलाच दिसतो. तो मदतकार्य करणाऱ्या संस्था वापरतात त्या 'स्फिअर' या मानवतावादी निकषांतला आहे आणि आपत्तीनंतर लगेच द्यायच्या निवाऱ्यासाठीचा किमान आकडा आहे. स्वयंपाक, अंघोळ आणि संडासाची जागा त्यात धरलेली नाही. पाच जणांच्या कुटुंबाला या हिशेबानं १७.५ चौरस मीटर मिळतात. तेवढ्यात अडचणीचे दिवस निघतात, संसार होत नाही. पक्क्या घरासाठी त्या देशाचे गृहनिर्माणाचे नियम बघा, आणि त्याहून आधी त्या लोकांची जुनी घरं मोजा. पडलेल्या घराच्या जोत्यावरूनही खोल्यांची मापं काढता येतात.

छप्पर फक्त खाली दाबतं असं समजणं

इथे जरा थांबू, कारण वादळी भागातल्या प्रकल्पांचं सगळ्यात मोठं दुखणं हेच आहे. भार खाली जातो हे पहिल्या वर्षापासून इतकं डोक्यात बसलेलं असतं की वारा छप्पर वर ओढतो हे कळूनही सेक्शनमध्ये, म्हणजे घराच्या उभ्या छेदाच्या ड्रॉइंगमध्ये, उतरत नाही.

साधा हिशेब करून बघा. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. न्यूटन प्रति चौरस मीटरमध्ये तो वेगाच्या वर्गाच्या साधारण ०.६ पट धरतात. वारा सेकंदाला ५० मीटर, म्हणजे ताशी १८० किलोमीटर असेल, तर १,५०० न्यूटन. ढोबळमानानं दर चौरस मीटरला १५० किलोची ओढ. छप्पर २८ चौरस मीटरचं असेल तर चार टनांहून जास्त. पन्हाळी पत्र्याचं स्वतःचं वजन दर चौरस मीटरला पाचेक किलो, म्हणजे सगळं मिळून १४० किलो. बाकीचा सगळा फरक स्क्रू, पट्ट्या आणि बोल्ट यांनी पेलायचा असतो. त्यात वाऱ्याच्या बाजूचं दार फुटलं की आतून वर रेटणारा दाबही या ओढीत मिळतो. कडा, कोपरे आणि आढ्याजवळ ओढ सरासरीपेक्षा बरीच जास्त असते, तरी ड्रॉइंगमध्ये स्क्रूचं अंतर सगळीकडे एकच दाखवलेलं असतं.

उपाय असा. सेक्शनचा एक प्रिंट काढा, लाल पेन्सिल घ्या आणि पत्र्यापासून पायापर्यंत रेघ ओढा. पत्रा त्याखालच्या आडव्या पर्लिनला, पर्लिन छपराच्या त्रिकोणी सांगाड्याला म्हणजे कैचीला, कैची भिंतीवरून सलग फिरणाऱ्या काँक्रीटच्या पट्ट्याला म्हणजे बँडला, बँड भिंतीतल्या उभ्या सळईला, सळई पायाला. जिथे पेन्सिल उचलावी लागते तिथे तुमचं घर तुटतं. तेवढ्या प्रत्येक जागेचं १:५ मध्ये डिटेल काढा : काँक्रीट ओतण्याआधी बँडमध्ये ठेवलेला बोल्ट, कैचीवरून वळून दोन्ही बाजूंनी खाली येणारी पट्टी, खिळा कुठल्या दिशेनं ठोकलाय ते. ओढीच्याच दिशेनं सरळ ठोकलेला खिळा सहज उपटला जातो. तोच पट्टीतून आडवा ठोकला की ओढ त्याच्यावर आडवी येते आणि तो कितीतरी जास्त तग धरतो. पाया हलका असेल तर शेवटी अख्खं घरच उचललं जाऊ शकतं, तेव्हा पायाचं वजनही या हिशेबात धरा.

आकाराचंही थोडं बघा. जवळजवळ सपाट छपराला ओढ जास्त बसते, साधारण ३० अंशांच्या उताराला ती कमी होते. चारी बाजूंना उतार असलेलं छप्पर दोन पाख्यांच्या छपरापेक्षा वादळात सरस ठरतं. वळचण लांबवर काढायचा मोह आवरा. आणि पडवीचं छप्पर मुख्य छपराचाच पुढे ओढलेला भाग करू नका, त्याला वेगळी रचना द्या. पडवी उडाली तर उडू दे, तिनं घर सोबत न्यायला नको.

एका संकटावरचा उतारा, दुसऱ्याला निमंत्रण

हैतीमध्ये चक्रीवादळांचा अनुभव जुना, त्यामुळे जड काँक्रीटचं छप्पर लोकांना सुरक्षित वाटत असे. वाऱ्यापुरतं ते खरंही होतं. १२ जानेवारी २०१० रोजी ७.० तीव्रतेचा भूकंप झाला आणि निकृष्ट ब्लॉकच्या भिंतींवरचे तेच स्लॅब माणसांवर कोसळले.

पुराच्या प्रकल्पांत हाच घोटाळा खांबांवर उचललेल्या घरांमुळे होतो. खाली मोकळे खांब, वर भिंतींनी भरलेलं जड घर. भूकंपात नेमका तो खालचा लवचिक मजला वाकतो. २६ जानेवारी २००१ च्या कच्छच्या भूकंपात केंद्रापासून दोनशेहून जास्त किलोमीटरवर असलेल्या अहमदाबादेत खाली पार्किंग ठेवलेल्या अनेक इमारती पडल्या, त्यामागचं एक मोठं कारण हेच. घर उचलायचंच असेल तर खांबांमध्ये कर्णरेषेत तिरपे आधार (ब्रेसिंग) द्या किंवा ठरावीक जागी भिंती द्या. मात्र पाण्याच्या प्रवाहाला आडव्या भिंती घालू नका, त्या प्रवाहाच्याच दिशेनं ठेवा. उचलण्याऐवजी भराव घालून जोतं वाढवणं बरं पडतं का, तेही तपासा. त्या भरावानं शेजाऱ्याच्या घरात पाणी जाईल का हा प्रश्न मात्र टाळता येणार नाही.

म्हणून ब्रीफ, म्हणजे प्रकल्पाची मागणी सांगणारा कागद, हातात आलं की पहिल्या दिवशी त्या जागेवरची सगळी संकटं एका कागदावर लिहा आणि प्रत्येक निर्णय त्या सगळ्यांपुढे धरून बघा. आगही त्यातच आली. दाटीच्या वस्तीत तिचा धोका रोजचा असतो आणि शीटवर तिचा उल्लेख फार क्वचित दिसतो.

भूकंप म्हटलं की आरसीसी फ्रेम

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात किल्लारीत दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरची मातीची जड धाबी कोसळली. यावरून 'दगड वाईट, काँक्रीट चांगलं' असा निष्कर्ष झटकन काढला जातो. भिंती दगडाच्या होत्या म्हणून पडल्या, हे अर्धंच निदान आहे. आतला आणि बाहेरचा असे भिंतीचे दोन थर एकमेकांना बांधणारे लांब दगड नव्हते, कोपरे गुंफलेले नव्हते, चारी भिंतींना एकत्र आवळणारा पट्टा नव्हता. जोत्याला, लिंटलला (दारं-खिडक्यांवरच्या आडव्या तुळईला) आणि छपराच्या पातळीला सलग बँड, कोपऱ्यांत आणि दारं-खिडक्यांच्या कडेला उभ्या सळया, कोपऱ्यापासून पुरेसं दूर ठेवलेली दारं-खिडक्या, एवढ्यावर साधं एकमजली बांधकाम पुष्कळ सहन करतं. भारतातल्या प्रकल्पाला आयएस ४३२६, कमी ताकदीच्या दगड-विटांच्या बांधकामाला आयएस १३८२८ आणि मातीच्या भिंतींना आयएस १३८२७ ही मानकं आहेत. ती संदर्भसूचीत टाकू नका, ड्रॉइंगमध्ये आणा.

आरसीसीची, म्हणजे सळया घातलेल्या काँक्रीटच्या कॉलम-बीमची, फ्रेमच हवी असेल तर मग तिचंही खोलात जाऊन करा. कॉलममधल्या उभ्या सळयांना वेढणाऱ्या रिंगचं टोक ९० अंशांत वाकवलेलं असलं की हादऱ्यात बाहेरचं काँक्रीट सुटतं, रिंग उघडते आणि उभ्या सळया बाहेर फुगतात. तेच टोक १३५ अंशांत आत वळवलं की ते गाभ्यातल्या काँक्रीटमध्ये रुतून राहतं. फरक गवंड्याच्या हातातल्या एका वाकवणीचा असतो, आणि तो सांगणारं ड्रॉइंग साइटवर पोचावं लागतं. आधी भिंत बांधून मग तिच्या दातेरी कडेला लागून कॉलम ओतायचा, ती कन्फाइंड मेसनरी लहान घरांना अनेकदा फ्रेमपेक्षा जास्त मानवते. विद्यार्थ्यांच्या कामात ती फारशी का दिसत नाही, हे मला कोडंच आहे.

रॅम्पचं गणित

जोतं १.२ मीटर उचललं आणि प्लॅनमध्ये तीन मीटरचा रॅम्प काढला, हे सर्रास दिसतं. १:१२ च्या उतारानं १.२ मीटरला १४.४ मीटर रॅम्प लागतो, मधले थांबे वेगळे. तेवढा प्लॉट नसेल तर दोन-तीन घरांना मिळून एक उंच वाट काढा. शीटवर व्हीलचेअरचं चित्र चिकटवून हा प्रश्न सुटत नाही.

'अर्धं घर' उचलायचं, त्यामागचा विचार सोडून द्यायचा

चिलीतल्या इकिके शहरात आलेहांद्रो आरावेना यांच्या एलेमेंटल या फर्मनं २००४ च्या सुमारास किंता मोनरॉय वस्तीत सुमारे शंभर कुटुंबांसाठी अर्धी बांधलेली घरं दिली. उरलेला भाग ज्यानं त्यानं सवडीनं बांधायचा. तेव्हापासून अर्ध्या घराचं पीक आलंय. पण तिथे आधी बांधलेला अर्धा भाग अवघड होता : मुख्य भिंती, जिना, स्वयंपाकघर, नळ आणि सांडपाणी. मोकळी सोडलेली जागा दोन भक्कम भिंतींच्या मध्ये होती, त्यामुळे पुढची भर मर्यादेत राहिली. विद्यार्थ्यांच्या प्लॅनमध्ये बरेचदा उलटं असतं. एक सुबक खोली बांधलेली, आणि तिच्या बाजूला तुटक रेघांचा चौकोन, 'भविष्यातील विस्तार'. त्या विस्ताराचं छप्पर कुठे टेकणार, त्यासाठी जुन्या भिंतीला भोक पाडताना बँड कापला जाणार का, वर मजला चढला तर पाया पुरेल का, याचं उत्तर नसतं.

घर वाढणारच आहे असं धरा. पाचव्या आणि पंधराव्या वर्षीचे प्लॅन आणि सेक्शन स्वतः काढा. भविष्यात दार कुठे पडेल ते आत्ताच ठरवून तिथे लिंटल घालून ठेवा.

साहित्याच्या प्रेमात पडणं

बांबू उत्तम आहे, पण प्रक्रिया न केलेला बांबू जमिनीला टेकवला तर एक-दोन वर्षांत कुजतो किंवा कीड त्याचा भुगा करते. बोरॅक्स-बोरिक आम्लाची प्रक्रिया कीड रोखते, मात्र सतत पावसात भिजलं तर ते क्षार धुपून जातात. म्हणजे प्रक्रियाही हवी, वर छप्परही हवं आणि खाली उंच जोतंही. पोकळ पेरात बोल्ट आवळला की बांबू चिरतो, म्हणून जोड पेराच्या गाठीजवळ घ्या किंवा ते पेर मॉर्टरनं भरा.

पैसा आणि नामवंत आर्किटेक्ट हाताशी असूनही काय होतं, ते न्यू ऑर्लिन्समध्ये दिसलं. कतरिना वादळानंतर अभिनेता ब्रॅड पिटच्या 'मेक इट राइट' संस्थेनं २००७ पासून तिथे शंभरावर घरं उभारली. काही वर्षांतच गळती, बुरशी आणि कुजलेलं लाकूड यांच्या तक्रारी सुरू झाल्या आणि २०१८ मध्ये रहिवासी कोर्टात गेले. दमट, पावसाळी हवेत सपाट छपरं आणि तोकड्या वळचणी भोवल्या, आणि नव्या प्रकारचं लाकूडही टिकलं नाही. एखादं साहित्य सुचवताना एवढंच विचारा : हे बिघडलं तर वस्तीतला माणूस वस्तीतल्याच हत्यारांनी ते दुरुस्त करू शकेल का?

सहभाग म्हणजे गोल बसलेल्या माणसांचा फोटो

"तुम्हाला कसं घर हवं?" असं विचारलं की पाहुण्याला बरं वाटेल तेच उत्तर मिळतं. त्यापेक्षा विचारा : मागच्या वेळी पाणी भिंतीवर कुठपर्यंत आलं? पहिल्यांदा काय उचलून बाहेर नेलं? म्हातारी माणसं कुठे गेली? रात्री दार कुठल्या बाजूला उघडलं? बायकांशी वेगळं बोला, आणि भाडेकरूंशीही. मालकांच्या यादीत ते नसतात आणि पुनर्वसनात सगळ्यात आधी तेच गळतात.

जागेच्या बाबतीतही तसंच. २००४ च्या त्सुनामीनंतर श्रीलंकेत किनाऱ्यापासून १०० आणि काही भागांत २०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी झाली. मासेमारांची होडीच घरापासून तुटू लागल्यावर विरोध झाला आणि पुढे नियम सैल करावे लागले. सुरक्षित जागेपासून कामाची जागा किती लांब आहे, ते तुमच्या साइट प्लॅनवर मीटरमध्ये दिसलं पाहिजे.

बजेट फुगलं तर काय कापायचं

खर्च मर्यादेबाहेर गेला की पहिली कात्री सळई, बँड आणि छपराच्या पट्ट्यांवर पडते, कारण त्या व्ह्यूमध्ये दिसत नाहीत. ती कात्री दुसरीकडे वळवा. बाहेरचं प्लास्टर, फरशी, आतलं पार्टिशन, सजावटीची जाळी हे सगळं कुटुंबाला नंतर करता येतं. एस्टिमेटमध्ये 'आत्ता' आणि 'नंतर' असे दोन स्तंभ करा. पाया, बँड, उभ्या सळया, छपराचे जोड, संडास आणि सांडपाण्याची लाइन हे सगळं पहिल्या स्तंभात. तरीही बसत नसेल तर एक खोली कमी करा आणि तिचा पाया मात्र आत्ताच घालून ठेवा.