कमी पैशात ट्रॅकवर: जुन्या मियाटाची तयारी

इकडे न्यू जर्सीत कुणा मराठी मुलाने जुनी माझ्दा मियाटा (दोन सीटची, टप उघडणारी छोटी गाडी) घेतली की त्याचा मला पहिला प्रश्न असतो, "काका, टर्बो कुठला बसवू?" माझं उत्तर ठरलेलं आहे: इंजिनाला हात लावू नकोस. माझी गाडी १९९२ची. १.६ लिटरचं इंजिन, ११६ हॉर्सपॉवर, वजन एका टनाच्या आत, ताकद मागच्या चाकांना आणि चारही चाकांना डबल विशबोन सस्पेन्शन. मिलव्हिलच्या थंडरबोल्ट ट्रॅकवर आनंद लुटायला एवढं भरपूर झालं. पैसे घाला ते गाडी थांबवण्यात, थंड ठेवण्यात आणि स्वतः सुखरूप घरी येण्यात.

गाडी अजून घ्यायची असेल तर आधी पत्रा बघा. कापडी टपावरचं पाणी दरवाजामागच्या नळ्यांतून खाली उतरतं. त्या नळ्यांत पालापाचोळा अडकला की पाणी आत साचतं आणि दरवाजाखालची पट्टी, मागच्या चाकाच्या अगदी अलीकडे, आतून कुजत जाते. गुडघे टेकून बसा आणि तिथे अंगठ्याने जोरात दाबा. रंगाखाली फुगवटा लागला किंवा पत्रा दबला, तर हात जोडून पुढची गाडी बघा. वेल्डिंगचा खर्च बजेट खाऊन टाकतो. दुसरी तपासणी टॉर्चने करायची. १९९० आणि १९९१च्या सुरुवातीच्या गाड्यांत क्रँकशाफ्टचं (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचं) पुढचं टोक आखूड आहे. तिथे पुली धरून ठेवणारी छोटी धातूची चावी झिजते, पुली डोलायला लागते आणि शेवटी क्रँकच वाया जातो. पुलीवर चार खाचा दिसल्या तर टोक आखूड, आठ दिसल्या तर लांब. चार खाचांची पुली इंजिन चालू असताना जराही डोलली, तर सौदा सोडून द्या. टायमिंग बेल्टचं मात्र फार टेन्शन घेऊ नका. तो ६० हजार मैलांना बदलायचा असतो, पण तुटला तरी या इंजिनात व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटत नाहीत.

आता कूलिंग. रेडिएटरच्या वरची प्लॅस्टिकची टाकी नवी असताना काळी असते. ती तपकिरी, हिरवट झाली असेल तर तिचे दिवस भरले, रेडिएटर बदला. होजपाइप आणि थर्मोस्टॅटही त्याच वेळी नवे टाका. मग गाडीखाली वाकून नाकाखालचं प्लॅस्टिकचं आवरण जागेवर आहे का बघा. कधीतरी ऑइल बदलताना कुणीतरी ते काढतं आणि परत लावतच नाही. ते नसलं की वेगात हवा रेडिएटरमधून जायचं सोडून खालून निसटते आणि चांगला रेडिएटर असूनही गाडी तापते. रेडिएटरच्या कडेच्या फटी फोमच्या पट्ट्यांनी बुजवा. या कामाला जवळजवळ पैसे लागत नाहीत आणि गुण लगेच दिसतो. कंपनीच्या टेंपरेचर गेजवर विसंबू नका. त्याचा काटा बराच वेळ मधोमध बसून राहतो आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. आकडा दाखवणारा साधा गेज बसवा.

ब्रेकबाबत मी कुणाचं ऐकून घेत नाही. मोठ्या डिस्क, मोठे कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारे चिमटे) यांची या गाडीला गरज नाही. पुढची डिस्क २३५ मिलिमीटरचीच आहे, पण गाडी हलकी आहे. लागतं ते चांगलं ब्रेक ऑइल आणि ट्रॅकचे पॅड. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं आणि ओलावा वाढला की त्याचा उत्कलनबिंदू उतरतो. ते कॅलिपरमध्ये उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल जमिनीला टेकतं. साध्या डॉट ३ ऑइलला, तेही नवं असताना, फक्त २०५ अंश सेल्सिअसची हमी असते. मोतुल आरबीएफ ६०० सारखं ऑइल कोरडं असताना ३१२ अंशांपर्यंत टिकतं. सीलबंद बाटलीच घ्या, उघडून ठेवलेली नको. जुनं ऑइल काढताना मास्टर सिलिंडरपासून (पेडल दाबलं की ऑइल ढकलणाऱ्या नळकांड्यापासून) सर्वांत लांबच्या चाकापासून, म्हणजे इथल्या गाड्यांत मागच्या उजव्या चाकापासून, सुरुवात करा. पारदर्शक नळी लावली तर चहासारखं ऑइल जाऊन स्वच्छ ऑइल कधी आलं ते दिसतं. एकही बुडबुडा दिसेनासा होईपर्यंत चालू ठेवा, आणि मधेमधे वरची टाकी भरत राहा. ती रिकामी झाली की सगळं पहिल्यापासून. नवे पॅड बसवल्यावर पॅडच्या कंपनीने सांगितलंय तसे ते तापवून बसवून घ्या. ट्रॅकच्या पहिल्याच वळणावर ती परीक्षा नको.

टप उघडणारी गाडी असल्यामुळे रोल बार, म्हणजे गाडी उलटली तर डोकं वाचवणारी सीटमागची पोलादी कमान, हवाच. कंपनीचा कडक टप म्हणजे रोल बार नव्हे. बार बसल्यावर हेल्मेट घालून, बेल्ट लावून सीटवर बसा आणि मित्राला रोल बारच्या माथ्यापासून समोरच्या काचेच्या वरच्या कडेपर्यंत झाडूचा दांडा धरायला सांगा. हेल्मेट दांड्याच्या खाली राहिलं पाहिजे, आणि ट्रॅकचे दिवस भरवणाऱ्या बऱ्याच क्लबांना मध्ये दोन इंच अंतर लागतं. उंच माणसाचं डोकं इथे हमखास लागतं. लगेच महागडी सीट घेऊ नका. मूळ सीट काढा, खालच्या कव्हरच्या तारेच्या कड्या पकडीने सोडवा आणि आतला फोम धारदार सुरीने थोडा थोडा कापा. दर वेळी बसून बघा. फोम चिकटवता येतो, पण एकसारखा होत नाही. बसायची जागा एक-दीड इंच खाली जाते, खर्च शून्य. बारवर कडक पॅडिंग लावा. हेल्मेट स्नेल एसए शिक्क्याचं (मोटर रेसिंगसाठी तपासलेलं) घ्या, मोटरसायकलचं बऱ्याच ठिकाणी चालत नाही. मूळ सीटवर मूळ तीन बिंदूंचा बेल्टच ठेवा. योग्य सीटशिवाय रेसिंग हार्नेस (खांद्यांवरून येणारे अनेक पट्ट्यांचे बेल्ट) लावणं धोक्याचं आहे.

टायरसाठी २०५/५०-१५ हे माप आणि २०० ट्रेडवेअर (टायर किती टिकतो त्याचा आकडा; कमी आकडा म्हणजे मऊ, जास्त पकडीचा टायर) पुष्कळ झालं. सुरुवातीला मात्र आहेत तेच चांगल्या स्थितीतले टायर वापरा. ते किंचाळून हद्द सांगतात. अलाइनमेंटवर खर्च करा: पुढे अडीच ते तीन अंश निगेटिव्ह कॅम्बर (चाकाचा माथा आत कललेला), मागे थोडा कमी, पुढे टो शून्य (वरून पाहता चाकं अगदी सरळ). शॉक गळत असतील तरच बदला. स्टेपनी, जॅक आणि डिकीतलं सामान ट्रॅकवर नेल्यावर बाहेर काढा, वजन फुकटात उतरतं.

उरलेले पैसे एन्ट्री फी आणि प्रशिक्षकासाठी ठेवा. गाडीचा विमा बहुधा ट्रॅकवर लागू होत नाही, पॉलिसी वाचा.

ट्रॅकवर प्रत्येक सेशननंतर एक फेरी हळू मारा, म्हणजे ब्रेक निवतात. परत आल्यावर हँडब्रेक ओढू नका, तापलेले पॅड डिस्कला दाबून ठेवायचे नसतात. गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला लाकडी ठोकळा लावा. चाकं निवल्यावर नट टॉर्क रेंचने (किती जोर लागला ते दाखवणाऱ्या पान्याने) तपासा, मी ८० फूट-पाउंडवर घट्ट करतो. मग टॉर्चने पॅडची जाडी बघा. त्याच्या मागच्या पत्र्याइतका उरला असेल तर पुढच्या सेशनला जाऊ नका, तिथेच बदला. त्यासाठी पॅडचा जास्तीचा सेट आणि ब्रेक ऑइलची एक सीलबंद बाटली घरूनच घेऊन निघा.