ओपीडीत पॉलिप काढताना: कात्री, बायपोलर की मॉर्सेलेटर?

दुर्बीण गर्भाशयात पोचली की लगेच हत्यार मागू नका. आधी पॉलिपभोवती (गर्भाशयाच्या अस्तरावरची वाढ) फिरून त्याचा देठ कुठून निघतो ते बघा. भूल न देता काम करायचं तर सगळं त्यावरच ठरतं. पॉलिप कापलेला फारसा कळत नाही, खालच्या स्नायूला धक्का लागला की मात्र कळ येते.

तयारी थोडीच. पाळी संपल्यानंतरचे दिवस निवडा, गर्भ नसल्याची खात्री करा, चालत असेल तर तासभर आधी आयबुप्रोफेन द्या. स्पेक्युलम (योनी उघडी ठेवणारं साधन), टेनॅक्युलम (गर्भाशयमुख धरणारा चिमटा) न लावता योनीत सलाईन भरत दुर्बीण आत न्या. सलाईनचा दाब दिसण्यापुरताच ठेवा.

देठ बारीक आणि पॉलिप लहान असेल तर ५ फ्रेंचची (सुमारे १.७ मिमी जाडीची) कात्री पुरते. देठ पायाशी कापा, पण शेवटचा धागा राहू द्या. पूर्ण सुटलेला पॉलिप सलाईनमध्ये तरंगतो आणि चिमट्याला हुलकावणी देत राहतो. धागा असला तर ग्रास्परनं (पकडचिमट्यानं) देठाजवळ धरून पीळ द्या आणि दुर्बिणीसकट बाहेर घ्या.

पाया रुंद असेल तर बायपोलर, म्हणजे विजेच्या करंटनं कापणारं हत्यार. गर्भाशयमुखाच्या आतल्या तोंडातून सहज निघतील असे उभे काप टोकाकडून पायाकडे घ्या. अख्खा पॉलिप आधी सोडवला तर तो तोंडाशी अडकतो. बुडबुड्यांनी दिसेनासं झालं तर थांबा, आउटफ्लो (सलाईन बाहेर जायची वाट) उघडा. अंदाजानं करंट देऊ नका.

मोठ्या पॉलिपला मॉर्सेलेटर (पॉलिप कापत तुकडे शोषून घेणारं हत्यार) सरस, हे आमचं ठाम मत. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या १२१ स्त्रियांच्या तुलनात्मक चाचणीत मॉर्सेलेटरनं ९८ टक्के पॉलिप पूर्ण निघाले, बायपोलरनं ८३ टक्के. वेळ जवळपास निम्मा लागला आणि दुखलंही कमी. ब्लेडची खिडकी पॉलिपकडे वळवून टेकवून ठेवा, पुढेमागे घासू नका. खिडकी बाजूला असल्यामुळे थेट फंडसवरचा (गर्भाशयाच्या माथ्यावरचा) पाया गाठणं अवघड जातं. शोषणानं पोकळी मिटली तर सक्शन कमी करा. रक्त थांबवायची सोय या ब्लेडमध्ये नसते, हेही लक्षात असू द्या.

सलाईन किती गेलं, किती परत आलं, याचा हिशेब नर्सनं मोठ्यानं सांगत राहावं. निरोगी स्त्रीत २,५०० मिली तूट झाली की थांबा; वय जास्त किंवा हृदयविकार असेल तर १,५०० मिलीलाच. घाम फुटून नाडी मंदावली तर दुर्बीण बाहेर, डोकं खाली, ॲट्रोपिन (नाडी वाढवणारं औषध) हाताशी.

निघालेला प्रत्येक तुकडा पॅथॉलॉजीला पाठवा. शेवटी दाब उतरवून पाया पुन्हा बघा: जास्त दाबाखाली उरलेला तुकडा चपटा होऊन लपतो, रक्तस्रावही दिसत नाही.