विंच घेताना या चुका टाळा : खोक्यावरच्या आकड्यावर जाऊ नका

विंच म्हणजे गाडीच्या पुढे बसवलेलं, ड्रमवर दोर गुंडाळत रुतलेली गाडी खेचून काढणारं मोटरचं यंत्र. "कुठली विंच घेऊ?" असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो, "गाडी सामानासकट किती वजनाची होते?" मग समोरचा गप्प. टायर कुठले, लाइट कुठले, बंपर कसा, सगळं पाठ असतं. वजनाचं मात्र "असेल दोन-एक टन" एवढ्यावर भागवलं जातं. आणि विंच तर त्याने मनात आधीच ठरवलेली असते. जिच्या खोक्यावर सगळ्यात मोठा आकडा, ती. मला विचारतो ते फक्त मान डोलवण्यासाठी.

स्वस्त विंचशी माझं वैर नाही. माझ्या गाडीवरही महागातली नाही. पैसे कुठे वाचवायचे आणि कुठे नाही, हे न बघता घेतलेल्या विंचशी वैर आहे, कारण तिच्या मालकाला चिखलातून काढायला शेवटी मलाच बोलावलं जातं.

तो आकडा पहिल्या थराचा असतो

९,५०० पौंडांची विंच कायम ९,५०० पौंड खेचते, हा समज मी इतक्यांदा खोडून काढला आहे की आता चिडचिड होते. तो आकडा ड्रमवरच्या सगळ्यात आतल्या थराचा असतो. जवळजवळ सगळा दोर बाहेर आहे आणि ड्रमवर मोजके वेढे उरलेत, तेव्हाचा. दोराचे थर चढत जातात तसा ड्रम जाड होतो, मोटरचा जोर तेवढाच राहतो, आणि दोराला मिळणारी ओढ घटते. साधारण ६३ मिलिमीटरचा ड्रम आणि ९ मिलिमीटरचा दोर धरून हिशेब केला तर दुसऱ्या थरावर ८२ टक्के, तिसऱ्यावर ७० आणि चौथ्यावर जेमतेम ६१ टक्के ओढ उरते. २८ मीटर दोर असा चार थरांतच बसतो. बाहेरच्या चौथ्या थरात त्यातला आठ-साडेआठ मीटर असतो. तेवढा दोर बाहेर निघेपर्यंत तुम्ही विकत घेतलेल्या ताकदीच्या साठ टक्क्यांवरच काम चालू असतं.

विंच भरलेल्या गाडीच्या वजनाच्या दीडपट हवी, असा नियम सांगतात. माझ्या एका मित्राने सगळं त्या नियमाप्रमाणे केलं होतं. गाडी भरून २,८०० किलो. दीडपट म्हणजे ४,२०० किलो, पौंडांत साधारण ९,२६०. त्याने ९,५०० ची विंच घेतली. काहीच चुकलं नव्हतं. मग ओढ्याकाठच्या चिखलात गाडी चाकांच्या मध्यापर्यंत, म्हणजे हबपर्यंत, रुतली आणि समोर सहाच मीटरवर दणकट झाड मिळालं. नशीबच म्हणायचं, असं त्याला वाटलं. मी म्हटलं, "कप्पी लाव." तो म्हणाला, "अरे, झाड एवढं जवळ असताना कप्पी कशाला? दोन मिनिटांत बाहेर येतो बघ."

दोन मिनिटांत मोटर कण्हायला लागली. लाइट मंदावले, गाडी वीतभर हलली आणि परत बसली. त्याने पुन्हा बटण दाबलं. मग पुन्हा. तिसऱ्या वेळी मोटरला हात लावता येईना आणि जळका वास सुटला, तेव्हा कुठे तो थांबला. त्यानंतर पाऊण तास मोटर थंड होण्याची वाट बघत आम्ही डासांना रक्तदान करत बसलो.

हिशेब सोपा होता. चौथ्या थरावर त्याच्या विंचची ओढ २,६०० किलोच्या आसपास. हबपर्यंत रुतलेली गाडी काढायला ढोबळमानाने तिच्या वजनाएवढी ओढ लागते, मडगार्डपर्यंत रुतली तर दुप्पट. लष्करात रुतलेली वाहनं काढताना हाच अंदाज धरतात. म्हणजे २,८०० लागणार होते आणि २,६०० मिळत होते. मग त्याच झाडाला पट्टा बांधून त्यात कप्पी अडकवली आणि दोर वळवून हुक परत गाडीच्याच रिकव्हरी पॉइंटला, म्हणजे गाडी ओढण्यासाठी असलेल्या मजबूत कडीला, लावला. आता सहाऐवजी बारा मीटर दोर बाहेर, म्हणजे काम तिसऱ्या थरावर आलं, आणि ओढ दुप्पट. कप्पीतलं घर्षण वजा केलं तरी ५,४०० किलोच्या आसपास. गाडी निम्म्या वेगाने, पण कुरकुर न करता बाहेर आली.

घरी पोचल्यावर साहेब म्हणतात, आता १२,००० पौंडांची विंच घेतो. अरे, तिचीही चौथ्या थरावरची ओढ ३,३०० किलोच! वर वजन जास्त, करंट जास्त. माझी सवय सांगतो: विंचच्या आधी मी कप्पी घेतो. तिच्यावर किती भार चालतो ते कोरलेलं असलं पाहिजे, आणि तो विंचच्या रेटिंगच्या दुप्पट हवा, कारण कप्पीवर आणि झाडाच्या पट्ट्यावर दोराच्या दोन्ही बाजूंची ओढ येते. आणि झाड जवळचं मिळालं म्हणून खूश होऊ नका. लांबचं आणि सरळ रेषेतलं झाड असेल तर पायपीट करून त्याच्यापर्यंत जा.

विकत घेताना माहितीपत्रकात थराथराचा तक्ता शोधा. बरे उत्पादक तो देतात. तक्ता नसेल आणि वेग फक्त 'विनाभार' लिहिलेला असेल, तर मी ती विंच खाली ठेवतो. विनाभार वेग मिनिटाला आठ-दहा मीटर कुणीही छापतो.

बटण सोडलं तरी विंच थांबली नाही

ही चूक माझी स्वतःची आहे, त्यामुळे हिच्याबद्दल जरा जास्त बोलणार.

माझी पहिली विंच स्वस्तात मिळालेली होती. मोटर ठीक, गिअर ठीक. पैसे वाचवले होते ते कॉन्टॅक्टरमध्ये, म्हणजे रिमोटच्या इशाऱ्यावर मोटरचा प्रचंड करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या डब्यात. तो डबा कुणीच उघडून बघत नाही. मीही बघितला नव्हता.

गाडी बाहेर निघाली होती, सगळे हसत होते. मी उरलेला दोर गुंडाळत होतो आणि एक जण हाताने दोराला दिशा देत उभा होता. हुक दोन मीटरवर आल्यावर मी बटण सोडलं. विंच चालूच. उलट्या दिशेचं बटण दाबलं, काही नाही. मी ओरडलो, त्याने हात काढला, आणि हुक धाडकन फेरलीडवर, म्हणजे दोर ज्यातून बाहेर येतो त्या चौकटीवर, आदळला. तरीही मोटर थांबेना. फेरलीडला तडा गेला, विंच बसवलेली प्लेट वाकायला लागली. बॉनेट उघडून, पाना शोधून, बॅटरीचं टर्मिनल सोडवेपर्यंत दोर तुटला. त्याचा हात अर्धा सेकंद उशिरा निघाला असता तर पुढे काय झालं असतं, ते मी आजही नीट आठवून बघत नाही.

झालं होतं ते असं. बॅटरी दमली होती. व्होल्टेज पडलं की कॉन्टॅक्टरच्या कॉइलला संपर्क घट्ट धरवत नाहीत. ते थरथरतात, ठिणग्या उडतात आणि शेवटी एकमेकांना वेल्ड होऊन बसतात. मग बटण सोडा नाहीतर रिमोट फेकून द्या, मोटर चालतच राहते. "डब्यावर पान्याने ठोक, सुटतो" हा उपाय सांगणारे भेटतात. सुटतो कधीकधी. हात फेरलीडजवळ असताना मला 'कधीकधी' चालत नाही.

म्हणून बॅटरी आणि विंचमध्ये आयसोलेटर, म्हणजे वीज पूर्ण तोडणारा, स्विच लावायचाच. हाताने फिरवायचा, विंचचा पूर्ण करंट सहन करणारा, आणि बॉनेट न उघडता हात पोचेल अशा जागी. विंच वापरायची नसेल तेव्हा तो बंद. स्वस्त विंच घेतलीच असेल तर तिचा सोलेनॉइडचा डबा (तोच कॉन्टॅक्टरचा) काढून ऑलब्राइट कंपनीच्यासारखा दणकट कॉन्टॅक्टर बसवा. बेताच्या विंचवर याहून चांगला खर्च मला माहीत नाही. दोराचे शेवटचे दोन मीटर बटण टकटक दाबूनच आत घ्यायचे. आणि हुकाला फूटभर पट्टा बांधून तो पट्टा धरायचा, हुक कधीच नाही.

बॅटरी आणि केबल

पूर्ण भारावर १२ व्होल्टची विंच ४०० अँपिअरच्या घरात करंट ओढते. आल्टरनेटर देऊन देऊन शंभर-दीडशे देणार. बाकीचा सगळा बॅटरीतून. तरी लोक पाच वर्षांच्या बॅटरीवर नवी विंच चढवतात आणि मग 'विंच कमजोर निघाली' म्हणून रडतात.

केबलची गंमत आणखी वेगळी. जाऊन-येऊन ४ मीटर तांब्याची केबल धरा. १६ चौरस मिलिमीटरची असेल तर ४०० अँपिअरला पावणेदोन व्होल्ट केबलमध्येच जिरतात. ५० चौरस मिलिमीटरची असेल तर अर्ध्या व्होल्टच्या थोडं वर. भाराखाली बॅटरी आधीच अकराच्या खाली आलेली असते, त्यात ही गळती. निगेटिव्ह केबल थेट बॅटरीला न्या, बंपरच्या रंगवलेल्या बोल्टला नाही. खेचताना इंजिन चालू ठेवा. सलग मिनिटभर खेचलं की थांबा आणि मोटरला हात लावून बघा. हात ठेववत नसेल तर थांबून राहा. नवशिक्यांना हे थांबणंच जमत नाही.

मोटरचं म्हणाल तर दोन प्रकार भेटतील. कायमचुंबक असलेली मोटर करंट कमी खाते, पण लवकर तापते. सिरीज वाउंड मोटर करंट जास्त खाते आणि लांब, जड खेचाखेचीत टिकते. वर्षातून दोनदा लागणार असेल तर पहिलीही पुरेल. गाडीवर जड सामान घेऊन एकट्याने फिरणार असाल तर दुसरीच घ्या, सोबत चांगली बॅटरी.

दोर : तार की सिंथेटिक?

यावर लोक रात्रभर भांडू शकतात. मी सिंथेटिकवाला आहे. हलका असतो, हाताला कुसळं टोचत नाहीत, आणि तुटला तर तारेइतका जीव घ्यायला धावत नाही. पण तो लाडावलेला दोर आहे. ऊन, वाळू आणि धारदार दगड त्याला खपत नाहीत. उष्णता तर मुळीच नाही: ७० अंशांच्या पुढे त्याची ताकद कमी होऊ लागते आणि १५० च्या आसपास तो वितळतो. बऱ्याच प्लॅनेटरी गिअरच्या विंचमध्ये ब्रेक ड्रमच्या आतच असतो. भाराखाली दोर सोडत उतरलात तर ड्रम तापतो आणि सगळ्यात आतला थर भाजून निघतो. वरून कळतही नाही. दर मोसमानंतर दोर धुऊन सावलीत वाळवण्याचा आळस असेल तर तारच घ्या, जाड हातमोजे घाला आणि दोरावर डॅम्पर (दोर तुटला तर त्याला उसळू न देणारं जड कापड) टाकल्याशिवाय बटणाला हात लावू नका.

तारेने चरे पाडलेल्या जुन्या रोलर फेरलीडमधून नवा सिंथेटिक दोर ओवणारे महाभाग मी पाहिले आहेत. सिंथेटिकला गुळगुळीत अ‍ॅल्युमिनियमचा फेरलीड लागतो. नवा दोर कुठलाही असो, पहिल्याच दिवशी तो सगळा सोडून, सौम्य चढावर गाडी स्वतःच्याच विंचने ओढत घट्ट गुंडाळून घ्या. सैल गुंडाळलेला दोर पहिल्याच मोठ्या ओढीला खालच्या थरांत रुततो आणि तिथेच अडकून बसतो.

बाकीच्या, पटापट

ट्रक २४ व्होल्टचा असेल तर विंचही २४ व्होल्टचीच. हे लिहावं लागतं, यातच सगळं आलं.

४,००० पौंडांची क्वाडबाइकची विंच 'कप्पी लावून चालेल' म्हणून ट्रकवर बसवू नका.

नाकापेक्षा मोती जड करू नका. तारेच्या दोरासकट विंच चाळीस किलोच्या घरात जाते, त्यात स्टीलचा बंपर. पुढच्या स्प्रिंगांचा विचार आधी करा.

या वर्गातल्या बहुतेक विंचचे बोल्ट २५४ बाय ११४.३ मिलिमीटरवर येतात. प्लेटला नवी भोकं पाडावी लागत असतील तर चुकीची प्लेट किंवा चुकीची विंच हातात आहे.

विंचवर पाण्यापासून बचावाचा आयपी दर्जा लिहिलेला असतो. आयपी६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. रोज ओढे ओलांडायचे तर आयपी६८ बघा. कुठलीही असली तरी महिन्यातून एकदा पाच मिनिटं दोर आत-बाहेर करा, पडून राहणाऱ्या विंच आतून गंजतात.

विंचचा क्लच (ड्रमला गिअरशी जोडणारा खटका) अर्धवट बसलेला असताना खेचू नका. गिअरचे दात उडतात.

ड्रमवर तारेचे किमान पाच, सिंथेटिकचे दहा वेढे राहू द्या. दोराचं टोक ड्रमला धरणारा स्क्रू भार पेलायला नसतो.

दोर झाडाला गुंडाळून हुक त्याच दोरात अडकवू नका. झाडाला पट्टा, पट्ट्याला शॅकल, म्हणजे पिनने बंद होणारी कडी. टो बॉलला (ट्रेलर जोडायच्या गोळ्याला) तर कधीच काही अडकवू नका.

माणसाला किंवा कुठल्याही वस्तूला उचलायला ही विंच वापरू नका. ती ओढण्यासाठी बनवलेली असते.

वायरलेस रिमोट सोयीचा आहे, मीही वापरतो. पण त्याचा सेल नेमका पावसात, रात्री, गाडी तिरकी असताना जातो. वायरचा रिमोट माझ्या सीटखाली कायम असतो, प्लास्टिकच्या पिशवीत, सुक्या फडक्यात गुंडाळलेला. गेल्या खेपेला विंच दुसऱ्याची होती आणि तिला वायरचा रिमोट लावायची जागाच नव्हती. आम्ही फावडं काढलं.